व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? शिराळ्यातल्या घराचा विचार

मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवतात. तो नेमक्या जागी आला की षड्जाच्या एकाच तारेतून वरचा षड्ज, पंचम आणि स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागतात. ही मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट आणि पाचपट वेगाची कंपने. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजातल्या ज्या गुणाला लोक ‘गोडवा’ म्हणतात, त्याचे मूळही बरेचसे इथेच आहे.

एकाच व्हॉल्व्हवर चालणारा ‘सिंगल-एंडेड’ अ‍ॅम्प्लिफायर मूळ आवाजात दुपटीचा स्वर थोडा मिसळतो. तो मूळ स्वराचाच वरच्या सप्तकातला स्वर असल्याने कानाला खुपत नाही, आवाज भरलेला वाटतो. दोन व्हॉल्व्ह जोडीने चालवणाऱ्या ‘पुश-पुल’ रचनेत मात्र हा दुपटीचा स्वर बराचसा आपसात कटतो. त्यामुळे सगळेच व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर एकसारखे गोड वाजतात, हे खरे नाही. चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर अशी भर जवळजवळ घालतच नाही.

माझे मत इथे ठाम आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेत तानपुरा आधीच वाजतो आहे, त्याची जवारी कुणीतरी जीव लावून जुळवलेली आहे. तिच्यावर यंत्राने आपला रंग चढवायची गरज नाही. शिवाय 1925 नंतर विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले ते व्हॉल्व्हच्याच जोरावर. म्हणजे 1930च्या दशकातले ते गाणे एकदा व्हॉल्व्हमधून गेलेलेच आहे.

‘आमच्या जुन्या रेडिओसारखा आवाज आता नाही,’ असे म्हणणारे वडीलधारे शिराळ्यातही भेटतील. 1963 साली सुरू झालेले सांगली आकाशवाणी केंद्र त्यांनी लाकडी पेटीच्या रेडिओवर ऐकलेले असते. ती आठवण खरी आहे, पण त्या उबदार आवाजात मोठ्या पेटीचा आणि रुंद कागदी स्पीकरचा वाटा फार मोठा होता. मीडियम वेव्हवर वरच्या पट्टीचे बारीक आवाज फारसे येतच नसत, हेही त्याचे कारण.

आता विजेचे पाहू. व्हॉल्व्हच्या आतली तार साधारण 6.3 व्होल्टवर तापते आणि दहा टक्क्यांपर्यंतच कमीजास्त सोसते. बाहेरून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर 220 व्होल्टसाठी बांधलेला असेल आणि घरात 245 येत असतील, तर ती तार 7 व्होल्टवर जाते. व्हॉल्व्हचे आयुष्य तिथेच घटते. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते, रात्री भार कमी झाला की चढते. चांदोलीच्या बाजूच्या गावांत पावसाळ्यातली ओल आणखी वेगळी. व्हॉल्व्ह घ्यायचाच असेल तर चांगला स्टॅबिलायझर किमतीत धरूनच चाला.

खर्चही समजून घ्या. चार ‘ईएल 34’ व्हॉल्व्हच्या नुसत्या तारा तापवायलाच सुमारे 38 वॉट लागतात. गाणे असो वा नसो, असा अ‍ॅम्प्लिफायर 150 वॉटच्या आसपास वीज खातो. रोज तीन तास ऐकले तर महिन्याला साडेतेरा युनिट. पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तासांत थकतात आणि नवे मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनमधून येतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर त्याचे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात आणि दुरुस्त करणारा हातही सापडतो. आणखी एक, आत तीनचारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकतात. म्हणून झाकण घरच्या कुणीही उघडू नये.

तरीही व्हॉल्व्ह कुणी घ्यावा? खोली लहान, एका वॉटला 92-93 डेसिबल देणारे स्पीकर आणि मुख्यतः कंठसंगीत ऐकणारा कान असेल, त्याने जरूर घ्यावा. आठ-दहा वॉटमध्ये त्याला पुरेसे मिळेल. बाकीच्यांनी साधा, चांगल्या बांधणीचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत. आवाजात सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो.

खरेदीआधी दोन्ही ऐका, शक्यतो स्वतःच्या खोलीत आणि स्वतःच्या स्पीकरवर. दोन्हींचा आवाज मात्र मोजून सारखा ठेवा, कारण किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर कानाला नेहमीच सरस वाटतो.