हिरव्या अस्तरावरचा कॅल्साइट

खानदेशातल्या काळ्या दगडात अभ्रक असतो, पण अभ्रक म्हणून तो सहसा ओळखला जात नाही. कोडरमा किंवा नेल्लोरच्या खाणींतून निघणारा, पापुद्रे सुटणारा, चकाकणारा अभ्रक इथे सापडत नाही. इथला अभ्रक हिरवा आणि मातकट असतो. बसाल्टमधल्या पोकळ्यांना तो आतून अस्तरासारखा लागलेला दिसतो. त्याचे नाव सेलाडोनाइट. पोटॅशियम, लोह आणि मॅग्नेशियम असलेले हे सिलिकेट रचनेने थेट अभ्रक गटातले आहे. कण फार सूक्ष्म असल्यामुळे त्याची पाने डोळ्यांना दिसत नाहीत, एवढेच. याच हिरव्या अस्तरावर कॅल्साइटचे स्फटिक वाढलेले असले, की अभ्रक आणि कॅल्साइट एकत्र असलेला अस्सल खानदेशी नमुना तयार होतो.

खानदेशातल्या पिंप्राळ्याचेच उदाहरण घ्या; ते आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. या परिसराच्या पायाशी असलेला काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाचे थर. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या दख्खनच्या बसाल्टचाच हा भाग. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर सरकला आणि थरांच्या माथ्याशी बुडबुड्यांची छिद्रे अडकून राहिली. छिद्रे भरलेल्या अशा दगडाला मांजऱ्या खडक म्हणतात. खडी क्रशरला घट्ट, एकजीव दगड हवा असतो, त्यामुळे पोकळ्यांचा थर खाणवाल्याच्या लेखी टाकाऊ. संग्राहकाचे लक्ष मात्र नेमके त्या थरावर असते. विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या दगडांच्या ढिगातही असे तुकडे मिळू शकतात.

पोकळी एका दमात भरत नाही. दगडात झिरपणाऱ्या कोमट पाण्याने बसाल्टमधली मूलद्रव्ये विरघळली आणि छिद्रांच्या भिंतींवर आधी सेलाडोनाइट आणि चिकणमातीची खनिजे बसली. मग कॅल्सेडनी, ह्युलँडाइट, स्टिलबाइट, अपोफिलाइट यांची पाळी आली. कॅल्साइट मात्र एकदाच येऊन थांबला नाही. तो कधी ह्युलँडाइट, स्टिलबाइट यांसारख्या झिओलाइटच्या खाली सापडतो, कधी सगळ्यांच्या वर. काही अपोफिलाइट स्फटिकांचे वय मोजल्यावर ते भोवतालच्या लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघाले आहेत. जो स्फटिक दुसऱ्यावर बसलेला आहे तो नंतरचा, हा नियम लक्षात ठेवला की हाताएवढ्या तुकड्यातूनही हा क्रम उलगडतो. अशा तुकड्याच्या मोडलेल्या कडेला करडा-काळा दगड दिसतो, त्याला लागून केसाएवढी हिरवी रेघ, तिच्यावर फिक्या गुलाबी स्टिलबाइटच्या जुड्या आणि माथ्यावर मधाच्या रंगाचा, टोकदार कॅल्साइट. कॅल्साइट एकटाच सुटा करून घेतला तर हातात फक्त एक सुंदर स्फटिक उरतो. हिरवी रेघ आणि दगड सोबत असतील तर त्या पोकळीचा सारा इतिहास हाती येतो. म्हणून खालच्या दगडासकट जपलेला नमुना, थोडा तुटका असला तरी, सुट्या स्फटिकापेक्षा श्रेष्ठ मानावा.

ओळख पटवायला फार साधने लागत नाहीत. सेलाडोनाइट इतका मऊ असतो की नखाने ओरखडला जातो. कॅल्साइटची कठिणता ३. त्यावर चाकूने ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. कॅल्साइट तीन दिशांनी तिरक्या पृष्ठांवर फुटतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतो. घोटाळा होतो तो अपोफिलाइटशी. जळगाव परिसरातला हा प्रसिद्ध स्फटिक रंगहीन किंवा हिरवा असतो. तोही थरांच्या रचनेचा असल्यामुळे अभ्रकासारखा एकाच दिशेने सपाट फुटतो आणि त्या सपाट पृष्ठावर मोत्याची झाक असते. पण तो अभ्रक गटात मोडत नाही आणि आम्लाने फसफसतही नाही. हिरवे अस्तर सेलाडोनाइटचेच आहे की दुसऱ्या एखाद्या हिरव्या मातीचे, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरणांची चाचणी करावी लागते.

जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवा रंगही हिरव्या मातीचाच आहे. सेलाडोनाइट हा अशा मातीचा एक मुख्य घटक. लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना स्फटिकांचे दगड विकले जातात, तिथे नुसत्या चकाकीवर न जाता दगडाच्या मागच्या बाजूचे हिरवे अस्तरही पाहावे.

जगात इतरत्र अभ्रक आणि कॅल्साइटची जोडी वेगळ्या रूपात भेटते. कॅनडातील ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये फ्लोगोपाइट अभ्रकाचे मोठे, तपकिरी स्फटिक कॅल्साइटमध्ये रुतलेले असतात. ते मोकळे करायला तिथले संग्राहक आम्लात कॅल्साइट विरघळवून टाकतात. खानदेशी नमुन्याच्या बाबतीत ही युक्ती घातक ठरते. इथे कॅल्साइट हाच ऐवज आहे. लिंबाचा रस, व्हिनेगर, संडास धुण्याचे आम्ल यांपैकी काहीही लागले तर स्फटिकाची झळाळी जाते. जोराच्या पाण्याने हिरवा थर धुऊन निघतो. धूळ मऊ ब्रशने झटकावी, चिखल असेल तर तो सावकाश ओला करून काढावा. स्टिलबाइट आणि अपोफिलाइट यांच्या रचनेत पाणी असते, म्हणून नमुना तापवून वाळवू नये.

दगड सरकारच्या लेखी गौण खनिज आहे आणि त्याच्या उत्खननाला महाराष्ट्रात २०१३ चे नियम लागू आहेत. चालू खाणीत परवानाधारकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. सुरुंगानंतर सैल झालेल्या कड्याखाली तर परवानगी असली तरी जाऊ नये. ढिगातले दगड पाहणे पुरेसे असते.

नमुन्यासोबत चिठ्ठी हवीच. त्यावर गाव, तालुका, खाण किंवा विहीर, तारीख आणि सापडताना सोबत असलेली खनिजे लिहावीत. जुन्या परदेशी संग्रहांत दख्खनच्या कितीतरी नमुन्यांवर नुसते ‘पूना’ एवढेच लिहिलेले आढळते. तो दगड कुठल्या थरातला, कुठल्या गावचा, हे आता कधीच कळणार नाही. हे नुकसान मोठे आहे, आणि ‘जळगाव’ एवढेच लिहून ते चालूच राहते. बर्टोल्ड ओटेन्स यांनी २००३ मध्ये ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात दख्खनच्या खनिजांवर विस्तृत लेख लिहिला. स्थळांची नोंद किती बारकाईने ठेवता येते, हे पाहायला तो उपयोगी पडतो. प्रत्यक्ष नमुने पाहायचे असतील तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे.