धर्म वेगळे म्हणून दंगल होते? मग बाकीच्या गावांचं काय?

पेटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा मला त्याचं रिसर्च प्रपोजल वाचायला पाठवलं. विषय : धार्मिक संघर्षाची कारणे. पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं की श्रद्धा आणि आचार यांतल्या भिन्नतेमुळे द्वेष निर्माण होतो आणि द्वेषातून संघर्ष होतो. मला हसू आलं नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच वाक्य माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये होतं.

मी मूळची एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची. दंगली आणि अफवा यांवर पीएच.डी. करायची ठरवलं तेव्हा मी काय केलं असेल? जिथे जिथे दंगली झाल्या त्या शहरांची यादी केली आणि सगळीकडे काय समान आहे ते शोधलं. सगळीकडे दोन धर्मांची माणसं होती. झालं, कारण सापडलं! गाईडनी यादी खालपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, "अगं, दंगल झालेली गावं आणलीस. न झालेली कुठे आहेत?"

स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या मुलीला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागला, याची लाज मला अजून वाटते. हार्टच्या वॉर्डातल्या शंभर पेशंटना विचारा, चहा पिता का? बहुतेक जण हो म्हणतील. त्यावरून चहाने हार्ट अटॅक येतो असं कोणी म्हणत नाही, कारण वॉर्डाबाहेरचेही चहा पितात. पण विषय धर्माचा आला की आपण वॉर्डाबाहेर बघतच नाही.

एका कागदावर चार चौकोन काढा. वर लिहा, धर्म वेगळे आणि धर्म एकच. बाजूला लिहा, हिंसा झाली आणि नाही झाली. पहिल्या चौकोनात, म्हणजे धर्म वेगळे आणि हिंसा झाली, तुम्ही पटापट नावं भराल : मुंबई, बोस्निया, बेलफास्ट (तिथे तर पंथच वेगळे). आता 'धर्म एकच, तरीही हिंसा' हा चौकोन. रवांडामध्ये हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक होती, दोन्हीकडचे बहुतेक लोक ख्रिश्चन होते, आणि तरी १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. चर्चमध्ये आसरा घेतलेली माणसंही वाचली नाहीत. उरला 'धर्म वेगळे, हिंसा नाही' हा चौकोन. तो भरायला बसलात तर कागद पुरणार नाही. भारतातली बहुतेक गावं त्यात येतात.

ही अंदाजाची गोष्ट नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासोबत १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बातम्यांवरून तयार केली. त्यात ग्रामीण भागातले मृत्यू एकूण मृत्यूंच्या ४ टक्क्यांहून कमी निघाले. आणि फक्त आठ शहरांत, म्हणजे अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली इथे, मिळून जवळपास ४६ टक्के मृत्यू झाले. या आठ शहरांत देशाच्या शहरी लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के लोक राहत होते. खेड्यातही मंदिर आहे, मशीद आहे, मिरवणूक आहे. श्रद्धेतला फरक तोच. मग जी गोष्ट सगळीकडे सारखी आहे, ती कुठे दंगल होते आणि कुठे नाही हे कशी सांगणार? जे बदलत नाही त्याने बदल समजावता येत नाही. तुमच्या प्रपोजलमधलं 'कारण' या चाचणीतून जातं का, ते आधी बघा.

याचा अर्थ फरकाला काहीच महत्त्व नाही असाही नाही. ही दुसरी टोकाची चूक, आणि चांगल्या मनाची माणसं ती जास्त करतात. 'आम्ही' आणि 'ते' ही वाटणी माणूस फार स्वस्तात करतो. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग (१९७० च्या सुमारास प्रसिद्ध) तुम्ही वाचला असेल. मुलांना सांगितलं की चित्रांच्या आवडीवरून तुमचे क्ले गट आणि कँडिन्स्की गट पाडले आहेत. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती. कोण कुठल्या गटात हे कोणाला माहीत नाही, जुनं भांडण नाही, स्वतःला फायदा नाही. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त टोचतो : दोन्ही गटांना मिळून जास्त पैसे मिळतील असा पर्याय समोर होता, पण आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवेत, याकडे मुलांचा कल दिसला. ताजफेल स्वतः पोलंडचे ज्यू. फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत सापडले, आणि सुटून आले तेव्हा घरचं जवळपास कोणी उरलं नव्हतं.

पण आपल्या माणसाला दोन पैसे जास्त देणं आणि शेजाऱ्याचं दुकान जाळणं यात खूप अंतर आहे. प्रयोगातला पक्षपात हा द्वेष नव्हे. प्रपोजलमध्ये ही उडी फार जण मारतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

धर्माची भर कुठे पडते? एक तर गट पाडण्याचं कामच उरत नाही. नाव, कपडे, सण, लग्न, वस्ती यांवरून तो आधीच पडलेला असतो. दुसरं म्हणजे काही गोष्टी 'पवित्र' झाल्या की त्यांचा सौदा होत नाही. जेरेमी गिंजेस, स्कॉट अट्रान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इस्रायली वसाहतवाले आणि पॅलेस्टिनी यांच्यात केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्यासाठी एखादा मुद्दा पवित्र होता, त्यांना तडजोडीसोबत पैसे देऊ केल्यावर विरोध वाढला. समोरच्याने त्याच्या बाजूने काही प्रतीकात्मक सोडलं, तेव्हा तो कमी झाला. म्हणजे जमिनीचा वाद आणि प्रार्थनास्थळाच्या जमिनीचा वाद एकाच हिशोबाने मिटत नाही.

आता परत दुसऱ्या चौकोनाकडे. वार्ष्णेय यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. त्यातली माझी आवडती जोडी अलीगढ आणि कोळिकोड (तेव्हाचं कालिकत). दोन्हीकडे मुस्लिम लोकसंख्या ३६ ते ३८ टक्क्यांच्या आसपास. एक दंगलीसाठी कुप्रसिद्ध, दुसरं शांत. अयोध्येच्या आंदोलनाच्या काळात अफवा दोन्हीकडे पसरल्या. अलीगढमध्ये काही स्थानिक वृत्तपत्रांनी त्या भडक करून छापल्या. कोळिकोडमध्ये वृत्तपत्रांनी चौकशी करून त्या खोट्या असल्याचं सांगितलं. समित्या अलीगढमध्येही होत्या बरं का! पण गल्लीगल्लीतल्या त्या समित्या आपापल्या धर्माच्या माणसांना वाचवण्यासाठी होत्या, त्यामुळे रात्री पहारा देणारे दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या भीतीने जागे राहत होते. कोळिकोडमध्ये व्यापारी संघटना, युनियन, वाचनालयं यांत दोन्हीकडची माणसं आधीपासून एकत्र होती. त्यामुळे वेळ आली तेव्हा फोन कोणाला करायचा हे ठरलेलं होतं.

ये-जा, एकत्र जेवण, मुलांचं एकत्र खेळणं यातही कोळिकोड पुढे होतं. पण वार्ष्णेय यांचं म्हणणं असं की मोठ्या शहरात तेवढ्याने भागत नाही, संघटनांतला संबंध जास्त टिकतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं होतं. मैत्रीपेक्षा व्यापारी संघटना मोठी?

मग एक रात्र आठवली. हॉस्टेलवर माझी रूममेट मुस्लिम होती. दोन वर्षं एका खोलीत, एका डब्यात जेवलेलो. एका शहरात तणाव होता आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आला, 'त्यांच्या' वस्तीत शस्त्रं सापडल्याचा. माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. पण ती खोलीत आली तेव्हा मी फोन पालथा ठेवला. ती काही बोलली नाही, मीही नाही. चार दिवसांनी कळलं की व्हिडिओ भारतातलाच नव्हता. ज्या एका माणसाला मी सरळ विचारू शकले असते ती तीन फुटांवर होती, आणि जवळची होती म्हणूनच विचारायची हिंमत झाली नाही. हा डेटा नाही, हे मला माहीत आहे. पण त्यानंतर 'अफवा तपासण्याची ठरलेली जागा' हे शब्द मला कोरडे वाटले नाहीत.

आता शंका घ्या, घ्यायलाच हवी. शांतता आहे म्हणून संघटना टिकल्या, असं उलटंही असू शकतं ना? यावर सौमित्र झा यांचं २०१३ चं काम बघा. मध्ययुगात परदेशी व्यापार चालणारी बंदरं त्यांनी घेतली. बंदर कुठे होणार हे बरंचसं किनाऱ्याच्या आकारावर ठरतं, हिंदू-मुस्लिम संबंधांवर नाही, म्हणून उलट्या कारणाची शंका कमी होते. १८५० ते १९५० या काळात अशा शहरांत दंगलीचं प्रमाण सुमारे पाचपट कमी होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं : हिंदी महासागरातल्या व्यापाराचं जाळं मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हाती होतं, ते लुटून मिळणारं नव्हतं, आणि हिंदू व्यापाऱ्यांना त्याची गरज होती. एकाच गिऱ्हाइकासाठी भांडण्यापेक्षा एकमेकांचं काम अडणं हे वेगळं नातं आहे. अनिर्बन मित्रा आणि देबराज रे यांनी २०१४ मध्ये दुसरी बाजू दाखवली. मुस्लिमांचं राहणीमान सुधारलं की पुढच्या काळात हिंसा वाढताना दिसते, हिंदूंचं सुधारलं की तशी वाढत नाही. श्रद्धा दोन्ही वेळी तीच, स्पर्धा बदलली. आणि विल्किन्सन तर म्हणतात की आधी निवडणुकीचं गणित बघा. सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस दंगल लवकर थांबवतात. माझ्या मते वार्ष्णेय यांच्या मांडणीत राज्यसंस्थेला जागा कमी पडते, आणि ते भिवंडीत दिसतं.

भिवंडी आपल्याला जवळची. यंत्रमागांचं गाव, १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी बदनाम झालेलं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी मिरवायला नव्हते, वस्तीतली साधी माणसं होती, दोन्ही धर्मांची, आणि बैठका तणाव नसतानाही होत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मेली (श्रीकृष्ण आयोगाचा आकडा), तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. तेच गाव, तीच वस्ती, तेच दोन धर्म. शिवाय कमिटी इथे आपोआप जन्मली नाही, एका अधिकाऱ्याने घडवली. पण लगेच टाळ्या वाजवू नका. एका शहरावरून सिद्धांत होत नाही. २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत रहिवासी आणि पोलीस यांच्यात हिंसा झाली, आणि दोन पोलीस मारले गेले.

त्या विद्यार्थ्याला मी लिहिलं की 'का होतो'च्या ऐवजी 'इथे झाला, तिथे का नाही' असा प्रश्न घे, आणि दोन गावं निवड. त्याचं उत्तर आलं, "ताई, न झालेल्या दंगलीचा डेटा कुठे मिळतो?"

मी स्वतः इथेच अडकले आहे. न घडलेल्या गोष्टीची बातमी येत नाही. शांतता समितीची इतिवृत्तं, मिरवणुकांच्या परवानग्या, व्यापारी संघटनांची सभेची रजिस्टरं, असं काय काय चाळावं लागतं. एका रजिस्टरात मला एवढीच ओळ सापडली : मिरवणुकीचा मार्ग सर्वानुमते बदलला. कोणी सुचवलं, कोण अडून बसलं होतं, कोणाच्या ओसरीवर बसून मिटलं, यातलं काही नाही. त्या सभेला हजर असलेले दोघे जण हयात आहेत, दोघेही ऐंशीच्या पुढचे. सेमिस्टरची पेपर तपासणी संपली की आधी तिकडे जाणार आहे.