वर्गाच्या मागच्या बाकावरचा पाहुणा

मागच्या व्याख्यानात आपण शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांबद्दल बोललो. शिबिरात सगळं पटतं, वहीत उतरतं, मग वर्गात का उतरत नाही? तेवढाच प्रश्न आज हातात घेऊ.

प्रश्न जुना आहे. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या सुमारासच मांडलं होतं की नवी पद्धत समजणं वेगळं आणि ती आपल्या वर्गात रुळणं वेगळं. रुळण्यासाठी सोबत कोणीतरी लागतं. या सोबतीलाच आपण कोचिंग म्हणतोय. (आपल्याकडे कोचिंग म्हटलं की क्लासेस आठवतात. ते डोक्यातून काढून टाका!)

याची चांगली परीक्षा दक्षिण आफ्रिकेत झाली. नॉर्थ वेस्ट प्रांतातल्या सरकारी शाळा, घरची भाषा सेत्स्वाना, मुलं पहिली-दुसरीची. शिक्षकांच्या दोन गटांना अगदी तेच साहित्य आणि तेच रोजचे पाठ दिले. एका गटाला एकत्र बोलावून प्रशिक्षण. दुसऱ्या गटाच्या वर्गात वाचनाची जाणकार कोच नियमित जात राहिली. दोन वर्षांनी मुलांचं वाचन पहिल्या गटात ०.१२ प्रमाण विचलनाने सुधारलं, दुसऱ्यात ०.२४ने. म्हणजे दुप्पट. कोच पाठवायला खर्च जास्त येतो, हे खरंच.

पण आपल्याला आकड्यापेक्षा त्यामागचं कारण जास्त कामाचं आहे. निरीक्षणात दिसलं की कोच असलेल्या शिक्षिका मुलांचे छोटे वाचनगट जास्त करत होत्या. आता गट करा, हे तर शिबिरातही सांगतात. मग अडतं कुठे?

समजा, आपण पहिलीच्या वर्गात मागे बसलोय. बाई फळ्यावरचं वाक्य वाचतात, पन्नास मुलं एका सुरात म्हणतात. छान वाटतं ऐकायला. पण अर्ध्या तासात एकट्याने किती मुलांनी वाचलं, हे मोजलं तर? दोन. हे बाईंना दिसत नाही, कारण त्या शिकवतायत. मागे बसलेल्याला दिसतं. तास संपल्यावर हा एकच आकडा समोर ठेवायचा, दहा सूचना नाहीत. मग बाई खरी भीती सांगतात: "मी पाच जणांना घेऊन बसले तर उरलेली पंचेचाळीस दंगा करतील." याचं उत्तर भाषणात नाहीच. कोच म्हणते, आज गट मी घेते, तुम्ही बघा; उद्या तुम्ही घ्या, मी बाकीच्यांकडे बघते. आणि पुढच्या महिन्यात ती परत येते. हे परत येणं फार महत्त्वाचं.

मग हे फोनवरून होईल का? स्वस्त पडेल! म्पुमलांगा प्रांतात इंग्रजी शिकवण्यासाठी तेही करून पाहिलं: पाठ टॅबलेटवर, कोच दूरवरून. तीन वर्षांनी प्रत्यक्ष जाणाऱ्या कोचमुळे मुलांचं इंग्रजी वाचन सुधारलं, दूरवरच्या कोचमुळे नाही. आम्हाला यात आश्चर्य वाटत नाही. दंगा फोनवर ऐकू येतो, पण आवरायला मदत होत नाही.

शिवाय २०१८मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी ६० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कार्यक्रम मोठा झाला की परिणाम बराच घटतो, असंही दिसलं. चांगले कोच शेकड्यांनी मिळत नाहीत, हे एक कारण असू शकतं.

आता महाराष्ट्राकडे येऊ. वर्गात जाऊ शकेल असा माणूस आपल्याकडे कागदावर आहे: केंद्रप्रमुख. पण तो शाळेत येतो तेव्हा बहुतेक वेळा माहिती मागायला येतो, तपासायला येतो. त्याच्या हातात शेरेबही असेल तर बाई त्याच्यासमोर पन्नास मुलांचा दंगा होऊ देतील का? त्या सुरात वाचनच घेतील, कारण ते शिस्तीचं दिसतं. म्हणून आमचं मत असं की मागे बसणाऱ्याने काय पाहिलं, ते त्या शिक्षिकेकडेच राहावं, वर जाऊ नये. यावर इथे बसलेल्या अधिकाऱ्यांचा आक्षेप असणार, ठाऊक आहे. चला, तिथूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.