रेल्वे आरक्षण: जुने सॉफ्टवेअर, नवे संगणक

रेल्वेची प्रवासी आरक्षण प्रणाली २०१० मध्ये कार्यान्वित झाली असून ती इटेनियम सर्व्हर व ओपन व्हीएमएस कार्यप्रणालीवर चालते, अशी माहिती सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिली. तिच्या आधुनिकीकरणाचे काम नवी दिल्लीतील रेल्वे माहिती प्रणाली केंद्राकडे, म्हणजेच ‘क्रिस’कडे, सोपविण्यात आले.

अडचण प्रोसेसरची आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या आज्ञा वेगळ्या असतात. इटेनियमसाठी तयार झालेला प्रोग्रॅम आजच्या सर्वसामान्य एक्स-८६ सर्व्हरपुढे ठेवणे म्हणजे मोडी न येणाऱ्यापुढे मोडी दस्त ठेवणे होय. त्यातच इंटेलने जुलै २०२१ मध्ये इटेनियमचा पुरवठा थांबविला.

मूळ प्रोग्रॅम हाती असल्यास तो नव्या प्रोसेसरच्या आज्ञांत पुन्हा रूपांतरित करता येतो. ओपन व्हीएमएसची एक्स-८६ आवृत्ती २०२२ मध्ये आली. दुसरा उपाय एम्युलेटर, म्हणजे नव्या यंत्रावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्यात प्रत्येक आज्ञेचे भाषांतर होत असल्याने वेग घटतो. मिनिटाला २५ हजार तिकिटांची क्षमता चौपट करावयाची असताना हा उपाय तोकडाच.

रेल्वेने सर्व्हर, सॉफ्टवेअर, नेटवर्क आणि सुरक्षा यंत्रणा बदलण्याचा मार्ग स्वीकारला. तो जोखमीचाही आहे. दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षण सुरू झाल्यापासून कोटा, आरएसी, प्रतीक्षायादी, सवलती यांच्या नियमांत भर पडत गेली. एखादा नियम सुटल्यास फटका थेट खिडकीवरील प्रवाशाला बसतो. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होत असल्याने, आधीच विकलेली दोन महिन्यांची तिकिटेही नव्या यंत्रांवर बिनचूक न्यावी लागतात.