सरोवरकाठचा शरद ऋतू आणि हंगामाचा अंदाज

अमेरिका व कॅनडा ह्या दोन देशांच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी व ऑन्टेरिओ अशी गोड्या पाण्याची पाच महासरोवरे आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ चार-पंचमांश भरते. एवढा जलाशय जवळ असल्यावर काठच्या प्रदेशाचे हवामान आतल्या मुलखासारखे राहत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तेथील शरद ऋतू. ह्याच तीन महिन्यांत सफरचंदे उतरवावयाची, द्राक्षे तोडावयाची, साखरबीट खणावयाचे आणि हिवाळी गहू पेरावयाचा असतो. ह्या ऋतूत हवा कशी राहील ह्याचा अंदाज शेतकरी आतुरतेने पाहतो यात नवल नाही. परंतु तो अंदाज वाचण्यात चूकही पुष्कळदा होते.

प्रथम सरोवराचे कार्य पाहावे. माती लवकर तापते व लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत मंद आहे. उन्हाळाभर साठविलेली उष्णता सरोवर शरद ऋतूत हळूहळू सोडते. तेथील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्याला ही ऊब मिळते आणि रात्री दव गोठण्याचा पहिला प्रसंग आतल्या भागापेक्षा बराच उशिरा येतो. म्हणूनच त्या किनाऱ्यालगत सफरचंद, चेरी, पीच व द्राक्षे ह्यांच्या बागांचा लांबच लांब पट्टा उभा राहिला. ईरी सरोवराच्या दक्षिण काठी कॉन्कॉर्ड जातीच्या द्राक्षांचे मळे आहेत, तेही ह्याच कारणाने. तेथील जाणते बागाईतदार बाग उतारावर लावतात. थंड हवा जड असते. ती रात्री पाण्याप्रमाणे खाली वाहत जाऊन सखल भागात साचते, आणि खोलगटातील झाड करपते तेव्हा उतारावरचे सुरक्षित राहते.

आता अंदाजाकडे वळू. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचे एक केंद्र दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढील तीन-तीन महिन्यांचे अंदाज प्रसिद्ध करते. अमुक तारखेस पाऊस पडेल असे त्यात नसते. १९९१ ते २०२० ह्या तीस वर्षांच्या नोंदींवरून हंगामाचे तीन वर्ग पाडलेले असतात : नेहमीपेक्षा उष्ण, नेहमीसारखा व नेहमीपेक्षा थंड. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाची शक्यता सारखी, सुमारे ३३ टक्के. प्रशांत महासागराच्या पाण्याचे तापमान, गेल्या काही दशकांतील वाढती उष्णता आणि संगणकावरील गणिते ह्यांवरून हे पारडे किती व कोणत्या बाजूस कलते तेवढेच अंदाज सांगतो.

समजा, 'उष्ण असण्याची शक्यता ४० टक्के' असे आले. ह्याचा अर्थ शरद ऋतू उष्ण जाणारच असा नव्हे. अशा दहा वर्षांतून चार उष्ण, तीनहून थोडी अधिक नेहमीसारखी आणि तीनास थोडी कमी वर्षे थंडच जातील. ज्याने 'उष्ण' एवढाच शब्द ध्यानात ठेवून तोडणी लांबविली, त्याला त्या थंड वर्षांपैकी एकात फटका बसला, तर दोष अंदाजाचा म्हणता येणार नाही.

उष्ण शरद ऋतू आला तरी तो सर्वांस सुखाचा होतो असेही नाही. सफरचंदाला चांगला लाल रंग चढण्यास थंड रात्री लागतात. साखरबीट खणून उघड्यावर मोठमोठे ढीग लावून ठेवतात. कंद उबदार असताना ढीग लावला तर तो आतून तापतो आणि नासू लागतो. थंडी हळूहळू वाढत गेली म्हणजे झाडाचे लाकूड पक्के होते. ऊब रेंगाळून एकाएकी कडाका पडला तर कोवळे लाकूड मरते.

सर्वांत मोठा गैरसमज हिमवृष्टीविषयी आहे. शरद ऋतू उष्ण, म्हणून बर्फ कमी, असा हिशेब सरोवरकाठी चालत नाही. सरोवराचे पाणी उबदार असताना उत्तरेकडून थंड हवा त्यावरून वाहू लागली म्हणजे ती खालून तापते, बाष्प उचलते आणि पलीकडच्या काठावर हिमवृष्टी करते. पाण्याचा पृष्ठभाग आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा ह्यांच्या तापमानात १३ अंश सेल्सिअस किंवा अधिक फरक पडला की ही क्रिया जोर धरते. पाणी जितके उबदार, तितका फरक मोठा. १२ व १३ ऑक्टोबर २००६ रोजी ईरी सरोवराच्या टोकाशी असलेल्या बफेलो शहरी सुमारे ५७ सेंटिमीटर बर्फ पडले. झाडांवर पाने तशीच होती. ओल्या बर्फाचा भार पानांनी धरून ठेवला आणि असंख्य झाडे मोडून पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच शहराच्या दक्षिणेस ऑर्चर्ड पार्क येथे सहा फुटांहून अधिक बर्फ साचले, तर उत्तरेकडील वस्त्यांत ते केवळ काही इंच होते. एवढ्या अरुंद पट्ट्याचा प्रसंग तीन महिन्यांच्या अंदाजात कसा दिसावा? त्यासाठी दोन-चार दिवस आधीचा अंदाजच पाहावा लागतो.

ह्यावरून दोन्ही अंदाजांची कामे निराळी आहेत हे उघड होते. मजूर किती सांगावेत, साठवणीची सोय किती करावी, वाणांची वाटणी कशी ठेवावी, ह्यासाठी हंगामाचा अंदाज उपयोगी. उद्या तोडणी करावी की थांबावे, हे आठवड्याच्या अंदाजावरून व शेतातील तापमापकावरून ठरवावे. तापमापक बागेच्या सर्वांत सखल भागात टांगावा. घराच्या ओसरीवरील आकडा बागेस लागू पडत नाही.

भारतीय हवामान विभागही २०२१ पासून मोसमी पावसाचे अंदाज अशाच तीन वर्गांच्या शक्यतांनी, नकाशांवर रंग भरून देत असतो, आणि हिवाळ्याच्या तापमानाचाही अंदाज देतो. गावकऱ्यांना तो सांगताना ग्रामसेवकांनी केवळ वर्गाचे नाव न सांगता टक्केवारीही सांगावी, आणि शक्य तर दहा गोट्या मांडून दाखवावी. चार गोट्या एका बाजूस व सहा दुसऱ्या बाजूस ठेवल्या की निरक्षर शेतकऱ्यासही मुद्दा पटतो. निफाडसारख्या द्राक्षाच्या भागात पारा फार उतरण्याची सूचना आली, तर आदल्या सायंकाळी बागेस हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा अधिक धरते व रात्री सोडते. पाणी देण्यापूर्वी मुळांशी निचरा चांगला आहे की नाही हे पाहून घ्यावे, आणि रात्री बागेत जागरण करणाऱ्याने पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास, तापमापक अवश्य पाहावा, कारण पारा सर्वांत खाली उतरतो तो त्याच वेळी.