रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका बँडची गोष्ट

गेल्या दिवाळीनंतर ताईचा राजेंद्रनगरहून फोन आला. "तुझा भाचा म्हणतोय, प्लेसमेंटला बसणार नाही. एक वर्ष बँडच करणार. तूच समजाव बाबा त्याला, तुझं ऐकतो तो."

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघा मित्रांचा बँड आहे. राजेंद्रनगरात शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्यापासून त्यांची तालीम आमच्याकडे सिमरोलला होते. खंडवा रोडला लागूनच आमचं घर. ओंकारेश्वरकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या हॉर्नपुढे ड्रम्सचं कुणाला काय वाटणार! दर शनिवारी पोरं येतात, पातेलंभर पोहे फस्त करतात आणि रात्री दहापर्यंत वरच्या खोलीत वाजवत बसतात.

समजवायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं, हाच मला प्रश्न पडला. कारण कॉलेजात माझाही बँड होता, आणि तो कसा मोडला हे मी घरात कुणाला कधी नीट सांगितलेलं नाही. म्हणून उपदेश बाजूला ठेवून मी भाच्याला एका बँडची गोष्ट सांगितली. आज आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक गिटार आहे आणि असाच एक फोनही येऊन गेलेला असेल. म्हणून तीच गोष्ट इथे लिहितो.

दुसऱ्यांच्या गाण्यांपासून सुरुवात

माझ्या लहानपणी दादरला काकांकडे सुट्टीत गेलो की चुलतभावाच्या कॅसेटच्या खोक्यात 'रॉक मशीन' नावाची एक कॅसेट दिसायची. मला वाटायचं परदेशी बँड असणार. भावाने सांगितलं, "अरे, मुंबईचे आहेत." गिटारवर महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल. काकूने नावं ऐकून विचारलं होतं, "म्हणजे आपल्याकडचेच का रे?" आडनावं आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची, तेव्हा तिचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. तो काळ डोळ्यांपुढे आणा. घरात टीव्हीवर फक्त दूरदर्शन. परदेशी गिटार किंवा अॅम्प्लिफायर आणायचा तर जबर आयात शुल्क. इंटरनेट नाही, त्यामुळे एखादं गाणं वाजवायला शिकायचं तर कॅसेट मागे-पुढे करत, कानाने शिकायचं. कॉलेजच्या कार्यक्रमांत बँडकडून लोकांची अपेक्षा एकच असायची, इंग्लंड-अमेरिकेतली गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवा. यालाच 'कव्हर' म्हणतात. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली.

पण पुढे त्यांनी एक धाडस केलं. स्वतःची गाणी लिहायला लागले. आज हे साधं वाटतं, तेव्हा तसं नव्हतं. ओळखीच्या गाण्यावर हजार माणसं नाचत असताना मध्येच आपलं, कुणी न ऐकलेलं गाणं काढायचं म्हणजे छातीत धडधड होणारच. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांचा पहिला अल्बम आला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. बेनेगल आणि तिनईकर यांच्याबरोबर जयेश गांधी, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया, मार्क मेनेझेस अशी ही मंडळी. नावं वाचली तरी मुंबई कशी आहे ते कळतं.

त्यांच्या आसपास एक छोटंसं जगही उभं राहत होतं. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावाजवळचं रंगभवन हे उघडं नाट्यगृह रॉक ऐकणाऱ्यांचं जणू देऊळ झालं. तिकडे अलाहाबादहून १९९३ मध्ये 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक निघालं. आपल्या इंदूरसारख्या गावातल्या मुलांना देशभरच्या बँडची खबर मिळायची ती अशा मासिकांतून.

नाव बदललं, शिखर गाठलं

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एमटीव्ही. भारतीय बँडचा व्हिडिओ हाँगकाँगहून प्रक्षेपित होऊन आपल्याच दिवाणखान्यात दिसू लागला. १९९३ मध्ये बँडने नाव बदललं. 'रॉक मशीन' या नावावर हार्ड रॉकचा शिक्का होता. 'इंडस क्रीड' या नावात सिंधू आली, म्हणजे आपली भूमी आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांमध्ये आशिया विभागाची प्रेक्षकपसंती मिळाली. मुंबईच्या मुलांचं स्वतःचं गाणं, आणि मतं आशियाभरच्या प्रेक्षकांची. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला.

इथपर्यंत ऐकून भाचा खुशीत होता. "बघ मामा, झालं ना!" मी म्हटलं, पुढचं ऐक.

त्याच काळात वारं बदलत होतं. १९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार वेगळे झाले आणि स्टारने 'चॅनल व्ही' काढलं. १९९६ मध्ये एमटीव्ही पुन्हा आलं, तेही खास भारतासाठी. दोन्ही वाहिन्यांना इथला मोठा प्रेक्षक हवा होता, आणि हा प्रेक्षक हिंदी ऐकणारा होता. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' घराघरांत पोचलं, दलेर मेहंदी आला, १९९६ मध्ये लकी अलीचा 'सुनो' आला. मला स्वतःला ही सगळी गाणी आवडतात, आमच्या लहानपणाची आहेत. पण त्यांच्या गर्दीत इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडची जागा आकसत गेली. ज्या टीव्हीने त्यांना वर नेलं होतं, त्याच टीव्हीला आता दुसरं काहीतरी हवं होतं.

१९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. सुरुवातीपासून मोजली तर तेरा वर्षं झाली होती. बेनेगल आणि जयेश गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले आणि तिथे 'आम्स फॉर शांती' हा भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताची सांगड घालणारा बँड केला. बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आईचंच बरोबर?"

आमचा बँड

तेव्हा मला माझी गोष्ट सांगावी लागली. आमचाही चौघांचा बँड होता. प्लेसमेंट झाली आणि एक पुण्याला गेला, एक बेंगळुरूला, मी इथेच राहिलो. सगळे असंच समजतात की नोकऱ्यांमुळे बँड मोडला. खरं कारण ते नाही. आम्ही साठवलेल्या पैशांतून एकच गाणं नीट रेकॉर्ड केलं होतं. चाल माझी, शब्द दुसऱ्या मित्राचे. ते इंटरनेटवर चढवताना मी फक्त माझंच नाव टाकलं. घाईत राहिलं, असं मी म्हणालो. पण घाई नव्हती. मला ते गाणं माझं वाटत होतं. त्याने एकदा विचारलं, मी टाळलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि फोनही केला नाही. याला आता बारा वर्षं झाली.

तो मित्र सध्या ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतो. त्या शहराच्या नदीवर एक पूल आहे, 'गो बिट्वीन ब्रिज'. हे नाव एका बँडवरून दिलेलं आहे. १९७७ मध्ये रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या विद्यापीठातल्या दोन मित्रांनी तिथे 'द गो-बिट्वीन्स' सुरू केला. दोघंही लिहायचे, दोघंही गायचे. ऐंशीच्या दशकात त्यांचे सहा अल्बम आले. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण विक्री बेताचीच राहिली. १९८९ च्या डिसेंबरात बँड मोडायचा निर्णय या दोघांनी आपसात घेतला आणि मग ड्रम्स वाजवणाऱ्या लिंडी मॉरिसनला व व्हायोलिन वाजवणाऱ्या अमांडा ब्राउनला कळवला. वर्षानुवर्षं बरोबर राबलेल्या माणसांना निकाल ऐकवला गेला, कुणी विचारलं नाही. ती जखम पुढे बराच काळ राहिली. २००० मध्ये दोघा मित्रांनी बँड पुन्हा उभा केला, आणखी तीन अल्बम केले. २००६ मध्ये मॅक्लेनन वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले आणि बँड कायमचा संपला. २०१० मध्ये तो पूल सुरू झाला. ज्यांची गाणी फारशी खपली नाहीत, त्यांच्या नावावरून आज रोज हजारो गाड्या जातात.

मुंबईतही २०१० सालीच इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्या जोडीला रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे तरुण वादक आले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम निघाला. १९९५ नंतर सतरा वर्षांनी! जुन्याच गाण्यांवर टाळ्या घेत फिरता आलं असतं, पण ते पुन्हा नवीन लिहायला बसले.

मग मी भाच्याला काय सांगितलं?

या गोष्टींतून मला समजलं ते एवढंच. बँड मोडणं ही मोठी आपत्ती नाही. बाजार बदलतो, वय वाढतं, माणसं गावं बदलतात; बहुतेक बँड कधी ना कधी थांबतातच. एकमेकांशी कसे वागलात, यावर ठरतं की पुढे कधी पुन्हा एकत्र बसता येईल की नाही. इंडस क्रीडच्या तिघांना तेरा वर्षांनी पुन्हा एका खोलीत उभं राहता आलं. आम्हाला बारा वर्षांत साधा फोन करता आला नाही.

म्हणून भाच्यासमोर एक वही ठेवली आणि चौघांना बसवून तीन गोष्टी लिहायला लावल्या.

पहिली, श्रेय. प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे गाणं झाल्याच्या दिवशीच लिहायचं आणि चौघांनी सही करायची. आपल्या कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क आणखी पक्का झाला आहे. आज तुमचं गाणं पन्नास जणांनी ऐकलं तरी हे लिहून ठेवा.

दुसरी, पैसा. कुणी किती घातले, कार्यक्रमाचे किती आले, दर महिन्याला हिशेब. मैत्रीत हिशेब कशाला, असं म्हणणाऱ्यांचीच मैत्री आधी तुटते.

तिसरी, मुदत आणि निरोप. एक वर्ष, पाच स्वतःची गाणी. कुणाला सोडायचं असेल तर आधी सगळ्यांना एकत्र बसून सांगायचं. दोघांनी ठरवून बाकीच्यांना कळवायचं नाही.

यात भाषेचा मुद्दा आपोआप निघाला. ही पोरं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. गाणी मात्र आतापर्यंत फक्त इंग्रजीत. मी विचारलं, आजीशी भांडताना कुठल्या भाषेत भांडतोस? हसला. दोन आठवड्यांनी पहिलं मराठी गाणं घेऊन आला. आपल्या इंदुरी मराठीत, मध्येमध्ये हिंदी शब्द घुसलेलं. पुण्याच्या माणसाला कदाचित अर्धं कळणार नाही. पण वरच्या खोलीत ते सुरू झालं तेव्हा आई पहिल्यांदाच जिना चढून ऐकायला गेली.

ताई माझ्यावर अजून थोडी रागावलेली आहे. समजवायला सांगितलं होतं आणि मी वही देऊन बसलो. पण ती वही तिने वाचली आहे, आणि पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत कबूल केली आहे.

भाच्याला एवढं सांगून झाल्यावर मला गप्प बसणं शक्य नव्हतं. गेल्या महिन्यात ते जुनं गाणं शोधलं आणि गीतकार म्हणून मित्राचं नाव घातलं. खाली दोन ओळी लिहिल्या की हे नाव पहिल्या दिवसापासून इथे असायला हवं होतं, राहिलं ती चूक माझी. त्याला दुवा पाठवला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी एक फोटो आला, नदीवरच्या पुलाचा. खाली लिहिलं होतं, "रोज इथूनच ऑफिसला जातो. गाण्यात दुसरं कडवं अजून लांबलेलंच आहे."

ते बरोबर म्हणतोय. दुसरं कडवं लांबलेलंच आहे.