'पगार उशिरा दिला गेला' की 'दिला जायचा'? इंग्रजीत हा फरक कसा दाखवायचा?

समजा, कंपनीच्या एचआरला तक्रारीचा ईमेल लिहायचा आहे. मनात मराठी वाक्य तयार आहे: 'पगार उशिरा दिला जायचा.' त्याचं इंग्रजी केलं: 'द सॅलरी वॉज पेड लेट.' व्याकरणात एकही चूक नाही. पण वाचणाऱ्याला यातून काय कळेल? पगाराला एकदा उशीर झाला, एवढाच अर्थ तो सहज काढू शकतो. वर्षभराचा त्रास एका महिन्याचा होऊन बसतो.

मग हरवलं काय? 'जायचा' हरवला.

मराठीत सवय क्रियापदातच असते

'दिला गेला' म्हटलं की एकदा घडलेली गोष्ट डोळ्यांसमोर येते. 'दिला जायचा' किंवा 'दिला जात असे' म्हटलं की ती पुन्हा पुन्हा घडत होती, हे वेगळं सांगावं लागत नाही. नेहमी, बऱ्याचदा असे शब्द नसले तरी काम भागतं.

इंग्रजीत साध्या भूतकाळाच्या पॅसिव्हमध्ये ही सोय नाही. 'वॉज पेड' हे एकदा घडलेल्या गोष्टीलाही चालतं आणि शंभरदा घडलेल्यालाही. किती वेळा, ते सांगायला वेगळा शब्द लागतो: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. व्याकरणाच्या पुस्तकात यांना वारंवारता दाखवणारी क्रियाविशेषणं म्हणतात. नाव जड आहे, काम सोपं आहे. 'द सॅलरी वॉज ऑफन पेड लेट' असं लिहिलं की तक्रार पुन्हा मूळ वजनाची होते.

(शाळेत 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हाही मराठीत कर्मणीच, पण तो इंग्रजी पॅसिव्ह नव्हे. पॅसिव्हला जवळचं आहे ते 'खाल्ला गेला' हे रूप.)

हा शब्द ठेवायचा कुठे?

'वॉज' किंवा 'वेअर' झाल्यावर आणि क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाच्या आधी. म्हणजे 'वॉज' आणि 'पेड' यांच्या मधोमध.

'द बिल्स वेअर युज्वली सेंट बाय पोस्ट.' 'आय वॉज नेव्हर टोल्ड.' 'द रूम्स वेअर रेअरली क्लीन्ड.'

गोंधळ होतो, कारण साध्या वाक्यात हेच शब्द क्रियापदाच्या आधी येतात: 'दे ऑलवेज पेड लेट.' ती सवय हाताला लागलेली असते, म्हणून पॅसिव्हमध्येही 'द सॅलरी ऑलवेज वॉज पेड लेट' असं लिहिलं जातं. इंग्रजीत हे अगदीच अशक्य नाही. बोलताना 'वॉज'वर जोर द्यायचा असेल तर लोक तसं म्हणतात. पण साध्या ईमेलमध्ये ते खटकतं. 'वॉज पेड ऑलवेज लेट' हेही तसंच.

सहाय्यक क्रियापदं दोन असतील तर? तेव्हा पहिल्यानंतर ठेवायचं. 'आय हॅड नेव्हर बीन इन्फॉर्म्ड', 'वी वेअर कॉन्स्टंटली बीइंग वॉच्ड'. पहिलं सहाय्यक क्रियापद शोधा आणि त्याच्या मागे शब्द बसवा. बहुतेक वाक्यं एवढ्यावर सुटतात.

उशिरा, वाईट, घाईत असे 'कसं' सांगणारे शब्दही सोबत असतील, तर 'किती वेळा' आधी येतं: 'द रिपोर्ट्स वेअर ऑफन बॅडली रिटन.'

खरा घोळ 'नॉट' आल्यावर

इथे जागा चुकली की वाक्य नुसतं विचित्र वाटत नाही, त्याचा अर्थ बदलतो. ही दोन वाक्यं बघा.

'ओव्हरटाइम वॉज नॉट ऑलवेज पेड.' म्हणजे कधी मिळाला, कधी नाही.

'ओव्हरटाइम वॉज नेव्हर पेड.' म्हणजे एकदाही मिळाला नाही.

तक्रारीत या दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य लिहिलं तर काही वेळा ओव्हरटाइम मिळाला हे तुम्हीच मान्य केलं.

'ऑफन'चंही असंच आहे. 'वॉज ऑफन नॉट पेड' म्हणजे अनेकदा पैसे दिले नाहीत. 'वॉज नॉट ऑफन पेड' म्हणजे पैसे क्वचितच दिले. पहिल्यात चुकवलेल्या वेळा मोजल्या आहेत, दुसऱ्यात दिलेल्या. 'समटाइम्स' मात्र 'नॉट'च्या आधीच हवं: 'वॉज समटाइम्स नॉट पेड.'

मराठी माणसाला आणखी एक खड्डा आहे. मराठीत 'कधीच' आलं की 'नाही' लागतंच: 'कधीच दिला गेला नाही.' त्या 'नाही'ला जागून कुणी 'वॉज नेव्हर नॉट पेड' लिहिलं, तर त्याचा अर्थ होतो 'कधीही दिला नाही असं झालं नाही', म्हणजे दरवेळी दिला! 'नेव्हर'च्या पोटात नकार आधीच आहे, दुसरा घालायची गरज नाही.

दार लावलं जायचं की लावलेलं असायचं?

'द गेट वॉज ऑलवेज लॉक्ड.' याचे दोन अर्थ होतात. कुणीतरी दरवेळी येऊन कुलूप लावायचं, किंवा बघावं तेव्हा कुलूप लावलेलंच असायचं. मराठीत 'लावलं जायचं' आणि 'लावलेलं असायचं' ही रूपंच वेगळी आहेत. इंग्रजीत वाक्य एकच. आग लागल्यावर बाहेर पडायच्या दाराबद्दल लिहायचं असेल, तर ही संदिग्धता परवडणार नाही.

उपाय म्हणजे पुढे वेळ जोडायची. 'द गेट वॉज ऑलवेज लॉक्ड ॲट टेन' म्हटलं की कुलूप लावायची कृती कळते. 'द गेट वॉज ऑलवेज लॉक्ड व्हेन वी गॉट देअर' म्हटलं की स्थिती कळते.

वाक्याच्या सुरुवातीला चालतं का?

'समटाइम्स', 'युज्वली', 'ऑफन' सुरुवातीला चालतात: 'समटाइम्स द बिल्स वेअर सेंट ट्वाइस.' 'ऑलवेज' सहसा चालत नाही. 'नेव्हर' चालतं, पण ते पुढची सगळी रचना उलटवतं. 'नेव्हर आय वॉज टोल्ड' नाही, तर 'नेव्हर वॉज आय टोल्ड'. म्हणजे 'वॉज' कर्त्याच्या आधी येतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचं आहे. 20 ऑगस्ट 1940 रोजी ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, जर्मन विमानांशी लढणाऱ्या वैमानिकांबद्दल बोलताना, इतक्या जणांवर इतक्या थोड्यांचे इतके उपकार कधीच नव्हते, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी उच्चारलं. ते सुरू होतं 'नेव्हर'ने, मग 'वॉज', मग कर्ता, आणि त्यानंतर 'ओड' हे तिसरं रूप. रचना म्हणून भूतकाळाचा अस्सल पॅसिव्ह. भाषणात हे दणक्यात वाजतं. घरमालकाला गिझरबद्दल लिहिताना मात्र 'आय वॉज नेव्हर टोल्ड' एवढंच पुरे.

नेमका आकडा असेल तर?

दररोज, आठवड्यातून दोनदा, दर महिन्याला अशी मोजता येणारी वारंवारता मधे घुसवायची नसते, ती शेवटी जाते: 'द टँक वॉज क्लीन्ड ट्वाइस अ यिअर.' आपल्याकडे 'डेली द टँक वॉज क्लीन्ड' असं सर्रास ऐकू येतं. 'डेली' उचलून शेवटी नेलं की झालं. तक्रारीत तर 'ऑफन'पेक्षा आकडाच बरा. 'सहा महिन्यांत चारदा' म्हटल्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

मग 'यूज्ड टू' का नको?

'जायचा'ला शब्दशः जवळचं इंग्रजी रूप 'यूज्ड टू बी' हेच आहे, आणि अनेक जण तेच वापरतात: 'द सॅलरी यूज्ड टू बी पेड लेट.' हे बरोबर आहे, पण त्यातून 'पूर्वी असं व्हायचं, आता होत नाही' असा अर्थ निघतो. जुन्या कंपनीबद्दल सांगताना ते चपखल बसतं. पगार अजूनही उशिराच येत असेल, तर या वाक्याने एचआरला वाटेल की प्रश्न सुटलाय. तिथे भूतकाळच सोडायचा आणि सरळ लिहायचं: 'द सॅलरी इज ऑफन पेड लेट.' 'ऑफन'ची जागा तीच, 'इज' आणि 'पेड'च्या मधे.